‘पेरू’ या फलनामाची व्युत्पत्ती

पेरू हे फळ मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील, आणि पेरू नावाचा देशही त्याच खंडात. तेव्हा देशावरून फळाला नाव पडले, अशी समजूत जाणत्या मंडळींतही आढळते. समजूत सोयीची आहे. परंतु ती टिकत नाही.

शेजारच्या भाषांची साक्ष प्रथम पाहावी. याच फळास गोव्याच्या कोकणीत ‘पेर’, बंगालीत ‘पेयारा’, मलयाळममध्ये ‘पेरक्का’ म्हणतात. देशनामातील अंत्य ‘ऊ’कार यांपैकी एकातही नाही. या सर्वांच्या मुळाशी पोर्तुगीज ‘पेरा’ हा शब्द असून त्याचा अर्थ नासपती असा आहे. मराठी ‘ऊ’कार ‘लिंबू’, ‘काजू’ यांच्या सहवासाने आला असावा, असा माझा तर्क आहे. देशनामावरून पोर्तुगीजांनी ‘पेरू’ हा शब्द घडविला खरा, पण तो टर्की या पक्ष्यासाठी!

या फळाला पोर्तुगीज भाषेत ‘गोयाबा’ असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजी ‘ग्वाव्हा’ त्याच कुळातला. तो आपल्याकडे रुजला नाही. गोव्यातील पोर्तुगीजांनी नव्या फळास आपल्या घरच्या फळाचेच नाव दिले. याचा निर्णायक पुरावा स्वयंपाकघरात सापडतो. पेरूचा गर साखरेत आटवून केलेल्या वडीस गोव्यात ‘पेराद’ म्हणतात. पोर्तुगालातील ‘पेरादा’ हा नासपतीचा पाक. पदार्थाचे नाव समुद्र ओलांडून आले आणि फळ बदलले. आकारसाम्य केवळ खलाशांनाच जाणवले असेही नव्हे. लिनियसने 1762 मध्ये या झाडाच्या एका प्रकारास ‘पायरीफेरम’, म्हणजे नासपती धारण करणारे, असे नाव दिले होते.

उत्तरेकडे हीच क्रिया वेगळ्या भाषेत घडलेली दिसते. हिंदी ‘अमरूद’ हा मूळ फारसी शब्द असून फारसीत त्याचा अर्थ नासपती हाच आहे. छत्तीसगडकडील ‘बिही’ या नावाचे मूळ फारसीत पाहिल्यास ‘बिही’ हे आणखी एका, नासपतीच्या जवळच्या फळाचे नाव ठरते. गुजराती ‘जामफळ’ आणि विदर्भातील ‘जाम’ यांनी मात्र परक्या फळाला जांभळाच्या गोतात बसविले. पाहुण्याला घरच्या माणसाचे नाव देण्याची ही रीत एका भाषेपुरती नाही.

अभ्यासकाला यात एक खरा धोका आहे. मोगलकालीन फारसी ग्रंथांत ‘अमरूद’ हा शब्द आला की आजच्या हिंदी अर्थाच्या आधारे तेथे पेरू वाचण्याचा मोह होतो. आणि त्यावरून हे फळ उत्तर हिंदुस्थानात केव्हा पोहोचले याचा काळही ठरविला जातो! असे भाषांतर झाले की अकबराच्या दरबारातील फळफळावळीत एक अमेरिकन फळ नकळत शिरते, आणि काबूल-समरकंदकडील नासपती त्या यादीतून गळून पडते.