भग्न युद्धविमाने : जतन की पुनर्घडण?

दुसऱ्या महायुद्धातील भग्न विमान सापडल्या स्थितीत राखावे की त्यास पूर्वरूप द्यावे, या वादात नॉर्वेतील सरोवरांतून वर काढलेली दोन ब्रिटिश हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमाने उद्बोधक ठरतात.

पहिले, डब्ल्यू १०४८, एप्रिल १९४२ मध्ये ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यात निकामी होऊन गोठलेल्या होक्लिंगेन सरोवरावर उतरले व पुढे तळाशी गेले. १९७३ साली वर काढलेले हे विमान लंडनमधील हेंडनच्या संग्रहालयात प्रायः त्याच भग्नावस्थेत आहे. दुसरे, एनए ३३७, नॉर्वेतील प्रतिकारकांना रसद पोहोचविण्याच्या कामगिरीवर असता एप्रिल १९४५ मध्ये शत्रूच्या माऱ्याने म्योसा सरोवरात पडले. त्यातील एकच सैनिक वाचला. ते १९९५ साली वर काढून कॅनडातील ट्रेंटन येथे २००५ पर्यंत पूर्ववत् करण्यात आले.

युद्धोत्तर काळात हॅलिफॅक्स विमाने मोडीत निघाल्यामुळे ट्रेंटनचे कार्य अल्प मोलाचे नाही. त्याने विमानाची जाती डोळ्यांपुढे उभी केली. परंतु जाती आणि व्यक्ती भिन्न होत. वाकलेला पत्रा व फाटलेला पंख ही एका विशिष्ट रात्रीची साक्ष होय. रचना आराखड्यांवरून पुन्हा साधता येते. बुजविलेला घाव पुन्हा मिळत नाही.

खंडित पोथीतील गळलेली अक्षरे संपादक कंसात भरतो, मूळ पाठात बेमालूम मिसळीत नाही. हाच दंडक येथेही युक्त होय. जतनास अग्रक्रम द्यावा; पुनर्घडण अपरिहार्य असेल तेथे जुने व नवे यांतील सीमारेषा स्पष्ट राखावी.