सी शार्प कुठे ठेवायचा?

कल्पना जर्मन, घडण लंडनची, नावात 'अँग्लो', आणि ओळख मात्र पश्चिम आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीची. अँग्लो कॉन्सर्टिना या लहानशा षटकोनी वाद्याचा प्रवास असा आडवळणाचा आहे. आज आयरिश संगीत वाजवणारे अनेक जण नवी कॉन्सर्टिना घडवून घेताना कारागिराला आधी बटणांचा नकाशा देतात. कोणत्या बटणावर कोणता सूर हवा, हे त्यात लिहिलेले असते. या नकाशांमधली बहुतेक भांडणे एका सुरावरून होतात. तो सूर म्हणजे सी शार्प.

भांडण समजायला वाद्य समजले पाहिजे. आपल्या पेटीत भाता कसाही हलवा, पट्टी तीच तर सूर तोच. माउथ ऑर्गनचे तसे नाही: एकाच छिद्रातून फुंकले तर एक सूर, श्वास आत ओढला तर दुसरा. अँग्लो कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरलेला, भात्यावर चालणारा माउथ ऑर्गन. भाता मिटताना बटण एक सूर देते, उघडताना दुसरा. इंग्रजी बोलणारे वादक या क्रियांना प्रेस आणि ड्रॉ म्हणतात. मी मराठीत 'दाब' आणि 'ओढ' म्हणते. 'ओढ'चा दुसरा अर्थ मध्येच डोकावतो, पण त्याला इलाज नाही.

1829 हे साल या घराण्याला महत्त्वाचे. त्या वर्षी व्हिएन्नात सिरिल डेमियानने अकॉर्डियनचे पेटंट घेतले आणि लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने ज्यातून पुढे इंग्लिश कॉन्सर्टिना निघाली त्या वाद्याचे. व्हीटस्टनच्या कॉन्सर्टिनात दाबा किंवा ओढा, सूर एकच. 1834 मध्ये केमनिट्झच्या कार्ल फ्रीडरिश उलिगने दाब-ओढीची जर्मन कॉन्सर्टिना केली. ती स्वस्त होती, शिकायला सोपी होती, आणि पाहता पाहता इंग्लंडात शिरली. 1850 नंतर लंडनच्या कारागिरांनी जर्मन रचना घेतली, इंग्लिश घडणीच्या टिकाऊ रीड्स बसवल्या आणि पुढे बटणांची तिसरी ओळ जोडली. ही 'अँग्लो-जर्मन' कॉन्सर्टिना. नावातला जर्मन वापरात गळाला, वाद्यातला गळला नाही.

क्लेअरमध्ये आधी रुजली ती दोन ओळींची, वीस बटणांची स्वस्त जर्मन पेटी. ती विशेषतः बायकांच्या हातात आली. तिकडच्या आयरिश भाषेत तिला 'बाईचे अकॉर्डियन' अशा अर्थाचे नावही होते. स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांच्या नाचाला, एकटीने वाजवायचे वाद्य. शॅनन नदीच्या मुखावरच्या किलरश गावात पब चालवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी (1885–1960) या परंपरेतल्या सर्वांत प्रसिद्ध. 1950 च्या दशकात त्यांचे वादन रेडिओवरून देशभर पोहोचले.

एकटीने वाजवताना पट्टी कोणतीही चालते. नाचणाऱ्यांना ठेका हवा असतो, सा कुठला याची त्यांना पर्वा नसते. म्हणून जुन्या वादकांना वीस बटणे पुरली. एकाच ओळीवरून सरळ धून न्यायची, जमेल तिथे खालचा सप्तक जोडीला धरायचा. दाब-ओढीच्या आंदोलनातूनच ठेका उभा राहायचा.

मग संगीत घराबाहेर पडले. 1935 च्या पब्लिक डान्स हॉल्स कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू केला, आणि पाद्री व पोलिसांनी तो घरगुती नाचांवरही उगारला. नाच सभागृहांत गेला, तिथे केली बँड आले, आणि कॉन्सर्टिनाला फिडल, बासरी यांच्या मांडीला मांडी लावून बसावे लागले. तिथे घराची पट्टी डी. आयरिश लाकडी बासरी आणि कोपराने भाता हलवायचे इलियन पाइप्स डीभोवतीच बांधलेले असतात. कॉन्सर्टिनाच्या मुख्य ओळी मात्र सी आणि जी या पट्ट्यांच्या.

आपल्या भाषेत सांगायचे तर डीला सा धरला की या दोन ओळींतून खमाज थाट पुरा मिळतो, बिलावल मिळत नाही. कोमल निषाद आहे, शुद्ध निषाद नाही. तो शुद्ध निषाद म्हणजेच सी शार्प. तो राहतो तिसऱ्या ओळीत, म्हणजे ज्या ओळीचा वीस बटणांच्या पेटीत पत्ताच नव्हता.

तीस बटणांच्या पेटीतही तो कसा राहतो हे कारागिरावर अवलंबून. व्हीटस्टन आणि लाशेनाल यांच्या मांडणीत मधल्या सप्तकातला सी शार्प फक्त दाबावर मिळतो. प-ध-नी-सां ही साधी चढण घ्या. प, ध आणि सां ओढीवर वाजवत आलात, तर नीसाठी क्षणभर भाता उलटा फिरवावा लागतो. जलद रीलमध्ये तिथे ठेच लागते. चारही सूर दाबावर घेण्याची वाट आहे, पण मग बोटांना नेहमीचे घर सोडून जावे लागते. चार्ल्स जेफ्रीजच्या मांडणीत सी शार्प दाबावरही आहे आणि ओढीवरही. प-ध-नी-सां एका ओढीत निघून जाते. जुन्या जेफ्रीज पेट्यांना आयरिश वादकांमध्ये जो भाव आहे, त्यामागे त्यांच्या खणखणीत आवाजाइतकाच हा जोडीचा निषाद आहे. एका ओळीत न अडकता तिन्ही ओळींतून बोटे फिरवण्याची शैली नोएल हिलसारख्या क्लेअरच्याच वादकांनी रुजवली, तेव्हा या सोयीचे मोल आणखी वाढले.

आता बदल. तीस बटणे म्हणजे साठ रीड्स. प्रत्येक रीड पितळी चौकटीत असते आणि ती चौकट लाकडी फळीच्या खाचेत सरकवलेली असते. माप जुळले तर दोन रीड्सची अदलाबदल करता येते. नाही तर कानस. टोकाकडे घासले की सूर चढतो, मुळाकडे घासले की उतरतो. आपल्याकडच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांना हे सांगायला नको. अदलाबदल परतवता येते, घासलेला धातू परत येत नाही. शिवाय जागा मोजक्या. कोणी एकाच बटणावर दोन्ही दिशांना सी शार्प मागतो, तेव्हा तिथला डी शार्प बेघर होतो. आयरिश धुनांत त्याचे काम कमी, म्हणून बळी बहुधा त्याचाच.

आक्षेप घेणारे म्हणतात, ही मूळ वाद्याशी छेडछाड आहे. मला हा आक्षेप पटत नाही. जुन्या लंडनी पेट्यांची पट्टी आजच्या 440 पेक्षा चढी होती. आज वाजणाऱ्या कित्येक पेट्या त्यासाठी आधीच घासून उतरवलेल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू वादकांनीही आयात कॉन्सर्टिनांतले सूर आपल्या संगीतासाठी बदलून घेतले. तिसरी ओळ हीच मुळी एक दुरुस्ती होती.

खरी अडचण दुसरी आहे. रेमिंग्टन मांडणीवर मराठी टंकलेखन शिकलेल्या माणसाला इनस्क्रिप्टच्या कळफलकापुढे बसवा, म्हणजे ती कळेल. बोटांना अक्षर आठवत नाही, जागा आठवते. आयरिश संगीत बरेचसे समोर बसून, एकमेकांची बोटे पाहून शिकले जाते. माझ्या पेटीतला निषाद माझ्यापुरता हलवला, तर माझे बोट पाहून शिकणाऱ्या मुलीच्या पेटीतून भलताच सूर निघतो, आणि मैफलीत शेजाऱ्याची पेटी हातात आली की मी निरक्षर. प्रत्येकाने आपली लिपी केली तर लिहिणे सोपे होते, वाचणारे उरत नाहीत.

आणि ठेचेचे काय? क्रॉटीबाईंचे ध्वनिमुद्रण ऐकताना भाता उलटण्याचा प्रत्येक क्षण कानाला कळतो. नाचणारा पाय त्याच क्षणावर पडत असणार. सगळे सूर दोन्ही दिशांना मिळाले, तर भाता कुठे उलटायचा हे वाद्य ठरवत नाही, वादक ठरवतो. चांगल्या वादकाच्या हातात हे स्वातंत्र्य उत्तम वाजते, इतरांच्या हातात धून गुळगुळीत होते. म्हणून एकच जादा सी शार्प, तोही जेफ्रीजने दिला तिथेच, एवढी मागणी मला रास्त वाटते. डी शार्पला राहू द्यावे.