क्रिकेटपटु बाळू पालवणकर



क्लबाच्या जुन्या खेळाडूचा गौरव करावयाचा म्हणजे त्याच्या धावा व बळी मोजून दाखवावयाचे, अशी रूढि आहे. बाळू पालवणकरांच्या बाबतींत ती मोजदाद सोपी आहे : प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ गडी, आणि गड्यामागें सरासरी १५.२१ धावा. परंतु मुंबईच्या हिंदु जिमखान्यासाठीं वीस वर्षांहून अधिक काळ खेळलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाची हकीकत आंकड्यांत मावत नाहीं. म्हणून आंकडे आरंभींच सांगून मोकळा होतों.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. बालपण पुण्यास गेलें. पुण्याच्या एका पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट करणें व खेळपट्टीवर रूळ फिरविणें ही त्यांची पहिली नोकरी. पगार महिना ३ रुपये. पुढें ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबांत लागले. तेथें जाळी बांधावी, पट्टी आंखावी, आणि सभासदांना सरावासाठीं चेंडू टाकावे. ग्रेग नांवाचा नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधीं येऊन बाळूंची गोलंदाजी खेळे, आणि बाद झाला कीं दर वेळीं आठ आणे देई, असें सांगतात. तुटपुंज्या पगारावर चालणाऱ्या घरांत आठ आण्यांचें मोल काय असतें, हें गृहिणींना समजावून सांगावयास नको. बॅट मात्र त्या मैदानावर त्यांच्या हातीं कोणीं दिली नाहीं म्हणतात. ज्यानें पट्टी स्वतः दाबून सपाट केली, त्याला चेंडू कोठें वळेल हें इतरांच्या आधीं उमगलें असल्यास नवल नाहीं. अर्थात् हा माझा तर्क.

पुण्याच्या हिंदु खेळाडूंना गोऱ्यांस हरवावयाचें होतें, म्हणून त्यांनीं बाळूंस संघांत घेतलें. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरे. चहाची वेळ झाली कीं इतर तंबूंत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, फेंकून देण्याच्या मातीच्या पेल्यांतून मिळे. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यानें त्यांचा चेंडू वळूं नये म्हणून कित्येक दिवस पट्टीवर रूळ फिरविला होता, अशी आख्यायिका आहे. बाळूंनीं तेथें ७ गडी टिपले. ज्याला खेळांत जवळ करतां त्याला पंक्तीला कां दूर ठेवतां, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं पुण्याच्या एका समारंभांत विचारल्याचें सांगतात.

प्लेगच्या दिवसांत पुणें सुटलें आणि बाळू मुंबईस आले. उपजीविकेस रेल्वेची नोकरी, आणि हौसेस हिंदु जिमखाना. हा जिमखाना १८९४ सालचा. येथें उपाहारगृहांत सवंगडी त्यांच्याबरोबर जेवूं लागले. वर्तमानपत्रांनीं १९०६ सालीं याची नोंद घेतली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. हिंदूंच्या २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. दोन्ही डाव मिळून बाळूंनीं ८ गडी घेतले. धाकटा भाऊ शिवराम त्या संघांत होताच. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांचा संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीच्या या गोलंदाजानें लहानमोठ्या सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी, प्रत्येकीं १८.८४ धावांस, बाद केले.

परत आल्यावर हारतुरे झाले, मानपत्रें झालीं. कप्तानपद मात्र झालें नाहीं. चौरंगी सामन्यांच्या वेळीं वर्षानुवर्षें बाळूंचें नांव सुचविलें जाई आणि वर्षानुवर्षें दुसऱ्याचें निवडलें जाई. चेंडू टाकणें हें अंगमेहनतीचें काम, संघ चालविणें हें डोक्याचें. पहिलें बाळूंकडून घ्यावें, दुसरें त्यांच्याकडे देऊं नये, अशीच निवड करणाऱ्यांची समजूत असावी. जातीचें नांव उघड घेण्याची त्यांस गरजच पडली नाहीं.

१९२० सालीं तर बाळूंना संघांतूनच वगळलें. कप्तान पै आजारी पडले, आणि बाळूंचा भाऊ विठ्ठल हा उत्तम फलंदाज हाताशीं असतां कप्तानपद देवधरांस मिळालें. देवधर मोठे खेळाडू, यांत शंका नाहीं. तक्रार त्यांच्याविरुद्ध नव्हती. विठ्ठल आणि शिवराम यांनीं संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं, व कारण वर्तमानपत्रांत छापून जाहीर केलें. लोकमत त्यांच्या बाजूस झुकलें. पुढच्या सामन्यास दोघे भाऊ परतले, बाळू परतले, तेही उपकप्तान म्हणून. पै बरे होऊन आले होते. सामना चालू असतां ते कांहीं वेळ मैदान सोडून गेले, आणि तेवढ्यापुरती हिंदु संघाची सूत्रें चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंच्या हातीं आलीं.

तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल रीतसर कप्तान झाला आणि हिंदूंनीं ती स्पर्धा जिंकली. थोरल्या भावानें हें पाहिलें. १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून थोडक्यांत हरले, पण तो निराळ्या भाषणाचा विषय आहे. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.