वून, येओतमाळ, यवतमाळ

जिल्हा एकच, पण ग्रंथालयांच्या कॅटलॉगमध्ये तो तीन नावांनी राहतो. १९०५ पर्यंत सरकारदरबारी तो ‘वून’, म्हणजे आपली वणी. मग साहेबी स्पेलिंगचा ‘येओतमाळ’. आणि आता यवतमाळ. प्रबंधांचीही तीच गत. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ झालं. त्याआधी आमच्याकडची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती.

मी यवतमाळचा, पोटासाठी कोड लिहितो. जिल्ह्यावरचं सगळं एका सर्चमध्ये सापडावं म्हणून नोंदी जुळवायला बसलो. कोड सोपा होता. अडलं ते वेगळ्याच प्रश्नापाशी: दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी आपण उचलायच्या का?

नोंद म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, साल, प्रकाशक. यालाच मेटाडेटा म्हणतात. अमुक पुस्तक अमुक साली निघालं, या गोष्टीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. अख्ख्या यादीवर मात्र असू शकतो, कारण आपला १९५७ चा कायदा संकलन आणि डेटाबेस यांनाही ‘साहित्यकृती’त धरतो. पुढे २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात (भांडण होतं कोर्टाच्या निकालांच्या सीडींवरून!) सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसती मेहनत पुरेशी नाही, निवडीत, मांडणीत थोडी तरी स्वतःची बुद्धी हवी.

निकाल मला पटतो. तरी शंकर गणेश दाते आठवले की जरा अवघडायला होतं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४३ मध्ये काढली, १९५० पर्यंतची १९६१ मध्ये. सव्वीस हजारांवर पुस्तकं, आणि कॉपी-पेस्ट नावाची सोय नाही. पण कायद्याने राखली ती त्यांची विषयवार मांडणी. त्यातली एकेक ओळ कधीच कुणाची नव्हती. दाते १९६४ मध्ये गेले. त्यानंतरची ६० वर्षं २०२४ अखेर संपली, त्यामुळे आता मांडणीही मोकळी आहे.

युरोपियाना या युरोपच्या डिजिटल संग्रहाने २०१२ मध्ये जवळपास २ कोटी वस्तूंचा मेटाडेटा सर्वांना खुला केला, अगदी श्रेय देण्याची सक्तीही न ठेवता. मला एवढी मोकळीक नको. माझ्या टेबलात ‘नोंद कुठून’ असा एक कॉलम आहे आणि तिथे दात्यांचं नाव जातं.

शोधगंगेवरच्या प्रबंधांचं शीर्षक, विद्यापीठ, साल मी घेतो. ‘वून’ आणि ‘येओतमाळ’ यवतमाळला जोडतो. गोषवारा घेत नाही. तो अभ्यासकाने स्वतः लिहिलेला मजकूर असतो, म्हणून तिथे फक्त लिंक देतो.