युरिया टाकला, पण पिकाला किती मिळाला? मातीतल्या एन्झाइमचा हिशोब

कपाशीला युरिया फेकला, नंतर पाऊस आला नाही, आणि आठवड्यानं पाहिलं तर पीक तसंच पिवळट. मग ‘खतच बोगस होतं’ असं म्हटलं जातं. बऱ्याचदा खत चांगलंच असतं, पण त्यातला नायट्रोजन हवेत उडून गेलेला असतो. ही गोष्ट घडवून आणतं मातीतलंच एक एन्झाइम. त्याचं नाव युरिएज.

एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात. ही बहुतेक करून प्रथिनंच असतात. एखादी रासायनिक क्रिया ती प्रचंड वेगानं घडवतात आणि स्वतः मात्र खर्च होत नाहीत. मातीत ती येतात जिवाणू, बुरशी आणि पिकांच्या मुळांकडून. सोडणारा जिवाणू मेला तरी त्याची काही एन्झाइम चिकणमातीच्या आणि ह्युमसच्या कणांना चिकटून राहतात आणि काम चालूच ठेवतात.

युरिएज नेमकं काय करतं?

युरियातला नायट्रोजन पीक मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेट या रूपांत घेतं. त्यासाठी आधी युरिया फुटावा लागतो. युरिएज युरिया आणि पाणी यांच्यापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. सार्वजनिक मुतारीत डोळ्यांत झोंबणारा वास येतो, तिथंही हेच चालू असतं. याच एन्झाइमनं विज्ञानातला एक मोठा वाद मिटवायला मदत केली. अमेरिकेतल्या जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन या अबईच्या भाईबंद शेंगेच्या बियांतून त्याचे स्फटिक वेगळे केले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं असं दाखवलं. बरीच वर्षं अनेकांना ते पटलं नाही. १९४६ मध्ये समनर यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

अडचण अशी, की युरिएज गरजेपेक्षा जास्त चपळ आहे. उबदार, ओलसर मातीत काही दिवसांतच युरिया फुटतो आणि दाण्याभोवतीचा सामू चढतो. दाणा मातीआड असेल तर अमोनिया पाण्यात विरघळून अमोनियम होतो आणि चिकणमाती त्याला धरून ठेवते. दाणा वरच पडलेला असेल तर तो वायू होऊन निघून जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू मुळातच जास्त, त्यामुळे तिथं धोका आणखी वाढतो. जमीन ओली, वर ऊन आणि वारा, असा दिवस युरिया फेकायला सगळ्यात वाईट. नुसतं दवही दाणा फुटायला पुरतं, पण त्याला खाली न्यायला पुरत नाही.

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे जेमतेम २१ किलो. त्यातला काही भाग वाऱ्यावर सोडायचा नसेल तर खत पेरून द्या, मातीनं झाका, किंवा टाकल्यावर लगेच पाणी द्या. युरिया पाण्यात सहज विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली उतरतो.

‘पण आता तर सगळा युरिया निमकोटेड आहे!’ बरोबर, २०१५ पासून देशात तसा नियम आहे. मात्र निंबाचं तेल मुख्यतः पुढची पायरी मंदावतं, म्हणजे जिवाणूंकडून अमोनियमचं नायट्रेट होणं. युरिएजला ते फारसं रोखत नाही. म्हणून निमकोटेड युरियाही झाकावाच लागतो.

बाकीची मंडळी

सेल्युलेज गटातली एन्झाइम उसाचं पाचट, तुरीचा पालापाचोळा फोडतात. पाचट पेटवलं तर त्यांचं खाद्यच जळतं. फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थांत अडकलेला स्फुरद मोकळा करतं, आणि स्फुरद कमी पडला की मुळं स्वतःच ते जास्त सोडतात. चुन्यात अडकलेल्या स्फुरदावर मात्र त्याचं काही चालत नाही. तिथं मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेली आम्लं लागतात.

बाटलीतलं एन्झाइम घ्यावं का?

रीलवर अशा जाहिराती भरपूर दिसतात. पण बाहेरून ओतलेलं एन्झाइम हे शेवटी प्रथिनच, आणि मातीत प्रथिनं फोडणारी एन्झाइम आधीच हजर असतात. जे वाचतं त्यातलं बरंचसं मातीच्या कणांना चिकटून मंदावतं. त्यापेक्षा शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत घातलं तर जिवाणू वाढतात आणि रोज ताजी एन्झाइम बनवतात. बाटली घ्यायचीच असेल तर आधी एका पट्ट्यात वापरून पाहा आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवा.

मातीतली एन्झाइम मोजता येतात. डिहायड्रोजनेज हे फक्त जिवंत पेशींतच काम करतं. त्याच्या चाचणीत मातीत एक रंगहीन द्रव्य मिसळतात, आणि ते जितकं लाल होईल तितके जिवाणू कामात आहेत असं समजतात. ही चाचणी मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत नाही. पण सेंद्रिय कर्बाचा आकडा त्यात असतो, आणि मातीतल्या एन्झाइमचा अंदाज घ्यायला पत्रिकेतला सगळ्यात उपयोगी आकडा तोच.