झुलणारी सुई

पुण्यात इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेल्या कोणालाही विचारा, मशीन्स लॅबमधली स्लिप टेस्ट त्याला आठवतेच. अल्टरनेटरचं फील्ड उघडं ठेवायचं, डीसी मोटरने रोटर सिंक्रोनस वेगाच्या अगदी जवळ आणायचा, स्टेटरला कमी व्होल्टेजचा थ्री फेज सप्लाय द्यायचा आणि अमीटरकडे बघत राहायचं. सुई सावकाश पुढे जाते, सावकाश मागे येते. रोटरचे ध्रुव स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रासमोर आले की करंट कमी, दोन ध्रुवांमधली फट समोर आली की जास्त. एक जण रिऑस्टॅट सांभाळतो, दुसरा ‘मॅक्स’, ‘मिन’ ओरडतो, तिसरा लिहून घेतो. वेग जरा हातचा सुटला की सुई नुसती थरथरते. मग सीनियरचं जर्नल उपयोगी पडतं.

मशीनचे पॅरामीटर चाचण्यांमधून काढण्याच्या या विषयात तुमचा प्रवेश तिथेच झालेला असतो, फक्त तेव्हा कोणी तसं सांगत नाही. सुईच्या झोक्याच्या दोन टोकांवरून रोटरच्या दोन अक्षांचे रिॲक्टन्स निघतात. रोटरवर बसून स्टेटरकडे पाहिलं तर सतत बदलणारी समीकरणं शांत होतात, हे रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये दाखवलं, आणि आजही ग्रीडच्या अभ्यासातला जनरेटर त्याच दोन अक्षांवर उभा असतो. त्या समीकरणांत घालायचे आकडे मात्र मशीनकडूनच काढून घ्यावे लागतात.

उत्पादकाच्या डेटाशीटवर भागत नाही का? बऱ्याचदा भागतं. १० ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागात भागलं नाही. ग्रीडमध्ये हेलकावे वाढत गेले, ग्रीडचे तुकडे झाले आणि सुमारे ७५ लाख ग्राहक अंधारात गेले. नंतर तोच प्रसंग संगणकातल्या मॉडेलवर चालवला, तर तिथे हेलकावे आपोआप विरत होते! त्यानंतर त्या भागात जनरेटरची जागेवर चाचणी घेणं बंधनकारक झालं.

लॅबमधलं मशीन वाट्टेल तेव्हा थांबवता येतं, वीजकेंद्रातलं नाही. कोयनेच्या चौथ्या टप्प्यात डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचे चार संच आहेत. आकडे काढण्यासाठी त्यांच्या टर्मिनलवर मुद्दाम शॉर्ट सर्किट करायचं म्हटलं, तर वाइंडिंगवर येणारा झटका आठवून केंद्रातला अनुभवी माणूस आधी तुमच्याकडे नीट बघेल. अशा ठिकाणी लोड रिजेक्शन बरं. मेगावॉट जवळजवळ शून्यावर आणायचे, मशीनला ग्रीडकडून थोडे मेगाव्हार घेऊ द्यायचे, व्होल्टेज रेग्युलेटर मॅन्युअलवर टाकायचा आणि ब्रेकर उघडायचा. रेकॉर्डरवर व्होल्टेज आधी एकदम पायरीसारखं उतरतं, मग काही क्षण झपाट्याने घसरतं आणि नंतर कित्येक सेकंद रेंगाळत खाली जातं. पायरीच्या उंचीला आधीच्या करंटने भागलं की सबट्रान्झियंट रिॲक्टन्स मिळतो. रेंगाळण्यातून फील्डचा टाइम कॉन्स्टंट. एका आलेखात मशीन इतकं बोलून जातं, म्हणून ही चाचणी मला सगळ्यांत देखणी वाटते. पण ती फक्त डायरेक्ट, म्हणजे ध्रुवाच्या अक्षाबद्दल बोलते. दुसऱ्या अक्षासाठी रोटरचा कोन धरून वेगळी तयारी लागते, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

आता संगणक पॅरामीटर हलवत हलवत मोजलेल्या आलेखावर आपला आलेख चपखल बसवून देतो. नव्या माणसाची इथे हमखास फसगत होते. आकड्यांचे दोन वेगळे संच एकाच आलेखावर तितकेच छान बसू शकतात, कारण त्या चाचणीने त्यांतल्या एखाद्या पॅरामीटरला हातच लावलेला नसतो. शिवाय लोखंड संपृक्त झालं की रिॲक्टन्सही बदलतो. कमी व्होल्टेजला काढलेला आकडा पूर्ण व्होल्टेजला तसाच वापरता येत नाही.

म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या चाचणीतून, किती व्होल्टेजला आणि किती फील्ड करंटला निघाला, ते दिलं आहे. सुरुवात स्लिप टेस्टपासूनच केली आहे. या वेळी जर्नल मिटून ठेवा आणि वेग इतका जवळ आणा, की सुईचा एक हेलकावा सावकाश मोजता येईल.