टेकडी कापण्याचा हिशेब

पुण्याच्या टेकड्यांवरून इतकी वर्षं भांडण झालं, पण ते मुख्यतः टक्क्यांचं भांडण होतं. 1997 साली आसपासची गावं महापालिकेत आली, त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण सुचवलं गेलं आणि शेवटी 2015 मध्ये सुमारे 978 हेक्टरांसाठी राज्य सरकारने ते मान्य केलं. मधल्या काळात सभा, पत्रकं, सह्यांच्या मोहिमा... आणि सगळीकडे एकच प्रश्न, चार टक्के बांधकाम द्यायचं की नाही?

चार टक्के म्हणजे अगदीच थोडं वाटतं, नाही का? पण त्या घरापर्यंत गाडी जायला रस्ता हवा, गाडी उभी करायला सपाट जागा हवी, पाण्याची टाकी हवी. त्यासाठी टेकडी किती कापली जाईल, ते या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मी मराठीची शिक्षिका, गणिताची नव्हे, पण हे गणित पाचवीतलं आहे. 1:5 उतार म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ. अशा उतारावर वीस फूट रुंदीचा रस्ता नुसता कापून काढला, तर आतल्या बाजूला चार फूट उंच मातीचा कडा उभा राहतो. उतार 1:2 असेल तर तोच कडा दहा फुटांचा! गवत, झुडपं गेलेला तो उघडा पट्टा मग मैलभरावरूनही दिसतो. 'टेकडी विद्रूप झाली' म्हणणाऱ्यांना हौशी निसर्गप्रेमी म्हणून हसतात. पण डोळ्यांना खुपतो तोच पट्टा पावसाचं पाणी वळवतो, आणि कापून काढलेला मुरूम बहुधा खालच्या नाल्यातच जातो.

6 जून 2013 रोजी कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ हेच झालं. डोंगर फोडलेला, पाण्याची वाट भराव टाकून बुजवलेली. जोराच्या पावसात चिखलपाण्याचा लोंढा थेट सातारा रस्त्यावर आला आणि मोटारीतून प्रवास करणारी एक आई व तिची चिमुकली मुलगी वाहून गेल्या. त्या दोघींचा त्या डोंगराशी काय संबंध होता? त्या फक्त रस्त्याने चालल्या होत्या.

माती कापण्याचे कडक नियम फार आधी केले ते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसने. (तिकडच्या भाचरांनी हे जरूर वाचावं!) महायुद्धानंतर तिथे डोंगरांवर घरांची लाट आली. माथे छाटायचे, घळी भरायच्या, वर बंगले. जानेवारी 1952 च्या पावसात बरंच काही घसरून खाली आलं आणि त्याच वर्षी शहराने डोंगरावरच्या मातीकामाचा नियम केला. किती कापणार, भराव कसा दाबणार, पाणी कुठून काढणार, सगळं आधी दाखवायचं. 1963 मध्ये भूशास्त्रज्ञ आणि माती-अभियंता यांची तपासणी सक्तीची झाली. मग 1969 चा मोठा पाऊस आला आणि परीक्षाच झाली म्हणा ना. 1952 पूर्वीच्या सुमारे 10,000 जागांपैकी 1,040 जागांचं नुकसान झालं. 1952 ते 1962 मधल्या 27,000 पैकी 350 चं. 1963 नंतरच्या 11,000 पैकी फक्त 17! डोंगर तेच, पाऊस तोच.

दिसण्याचा विचारही त्यांनी सोडला नाही. डोंगरकण्यावरून जाणाऱ्या मुलहॉलंड ड्राइव्ह रस्त्यासाठी 1992 साली वेगळा आराखडा झाला. रस्त्यावरून काय दिसेल, ठळक कण्याला धक्का लागेल का, माती किती हलेल, हे त्यात एकत्रच तपासतात. अर्थात तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. श्रीमंतांचे प्रचंड बंगले तिथेही डोंगर पोखरतातच.

आपल्याकडेही 1:5 हून जास्त उतारावर बांधकामाला मनाई आहे, नियम चांगला आहे. पण मोजणी कधी होते? जेसीबी आधी फिरून गेला, तर मोजायला उतार उरतोच कुठे? डोंगर मुळात कसा होता ते समोच्च रेषांच्या नकाशावरून कळतं, भूगोलाच्या तासाला मुलं तो वाचायला शिकतात. नवा प्रकल्प आला की नागरिकांनी तो जुना नकाशा मागावा आणि मातीचा हिशेबही मागावा. किती ब्रास माती निघणार, ती कुठे टाकणार, आणि नाला कुठून जाणार?